बाळ गेलं, पण कुणाच्या वहीत?

मागच्या बैठकीत एका पाड्याच्या बाया बोलल्या. वर्षात त्यांची तीन बाळं गेली, उपकेंद्राच्या वहीत मात्र एकच. दुसरं जन्मून रडलं, दूध प्यालं, तिसऱ्या दिवशी गेलं. ते "मेलेलंच जन्मलं" असं लिहिलंय. तिसरं वीटभट्टीवर गेलं. ते भट्टीच्या गावात नाही, इथंही नाही.

बालमृत्यूचा दर म्हणजे वर्षात जिवंत जन्मलेल्या हजार बाळांमागे वर्षाची व्हायच्या आत किती गेली. हिशेब सोपा आहे. पण जे बाळ जन्माच्याच वहीत नाही, ते मरणाच्या वहीत कुठून येणार?

सरकारला हे ठाऊक आहे. म्हणून तर देशभर नमुना नोंदणीची पद्धत आहे. निवडलेल्या गावांत एक माणूस वर्षभर जन्ममरण लिहितो. दर सहा महिन्यांनी दुसराच माणूस घरोघर विचारतो, पहिल्याची वही न बघता. मग दोन्ही वह्या ताडतात, जुळत नाही त्या घरी परत जातात. पद्धत चांगली आहे, आम्ही नावं ठेवत नाही. पण त्यातून राज्याचा आकडा निघतो, आपल्या पाड्याचा नाही.

2001 साली 'कोवळी पानगळ' अहवाल आला. गडचिरोलीच्या 'सर्च'सह तेरा संस्थांनी घरोघर नोंदी ठेवल्या होत्या. आदिवासी भागात दर सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी जास्त निघाला.

आपणही तेच करायचं. मरण विचारत फिरू नका. आई सांगत नाही, आणि का सांगावं? गरोदर बाई लिहा, आणि तिच्या घरी परत परत जा. बाळ रडलं का, हललं का, हे सुईणीला विचारा. माहेरी गेलेली, भट्टीवर गेलेली बाई आपल्याच वहीत धरा. लिहिणारे दोघं, वेगवेगळे.

एक सांभाळा. गावात वीस बाळंतपणं, तीन बाळं गेली, की दर दीडशे! पुढच्या साली कदाचित शून्य. एका गावाचा दर घेऊन साहेबापुढे गेलात तर तो हसेल. सगळ्या पाड्यांचं एकत्र करू, दोनतीन वर्षांचं. नावानिशी मात्र एकेक बाळ आजच मांडता येतं, त्याला दर लागत नाही.

वनजमिनीच्या दाव्याला आपण म्हाताऱ्यांची साक्ष लिहून काढतो, तशीच ही वही. कोऱ्या वह्या कार्यालयात आल्यात. पाड्यागणिक एक न्या, आणि पहिलं पान सुईणीसमोर बसून लिहा.