दार रुंदावले, तरीही भारत बाहेरच!

विशेष प्रतिनिधी

मडगावच्या फातोर्डा मैदानावर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई करंडक फुटबॉल स्पर्धेत खेळण्याची भारताची आशा संपुष्टात आली. लालियानझुआला छांगटेने १४व्या मिनिटालाच भारताला आघाडी मिळवून दिली होती. ती राखता आली नाही. पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१ असा पराभव पत्करावा लागला. बांगलादेशने भारताला हरवण्याची २००३ नंतरची ही पहिलीच वेळ.

अशा पराभवानंतर आपल्याकडे सुवर्णकाळाचे स्मरण करण्याची रीत आहे. एकेकाळी आशियात अव्वल असलेला संघ कुठे आणि आजचा संघ कुठे, असा सुस्कारा टाकला जातो. तो अगदीच अनाठायी नाही. मात्र भारतीय संघाची आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधील वाटचाल नीट तपासली तर केवळ सुस्काऱ्यावर भागत नाही. भारत मोठ्या स्पर्धांत किती वेळा गेला, यापेक्षा तो तेथवर कोणत्या वाटेने पोहोचला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

१९५० च्या ब्राझीलमधील विश्वचषकाचेच उदाहरण घेऊ. भारत त्या स्पर्धेसाठी पात्र ठरला तो पात्रता फेरीचा एकही सामना न खेळता. गटातील इतर संघांनी माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात भारताचे नावही निघाले होते. त्यानंतर भारतानेच माघार घेतली. अनवाणी खेळू न दिल्यामुळे संघ गेला नाही, ही कथा आजही मोठ्या चवीने सांगितली जाते. प्रत्यक्षात लांबचा प्रवास आणि सरावासाठी अपुरा वेळ ही कारणे महासंघाने पुढे केली होती. शिवाय त्या काळच्या धुरिणांना विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकच थोर वाटत होते. या दृष्टिकोनाची किंमत मोठी होती. विश्वचषक पात्रता फेरीतील पहिला सामना खेळायला भारताला १९८५ साल उजाडावे लागले. म्हणजेच ज्या काळात संघ सर्वांत बलवान होता, त्या काळात त्याने विश्वचषकाच्या वाटेवर पाऊलच ठेवले नाही.

त्या संघाचे बळ मात्र वादातीत होते. १९५१ मध्ये नवी दिल्लीतील पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात साहू मेवालालच्या गोलवर भारताने इराणला १-० असे नमवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला आणि बुटांवाचून गत्यंतर नाही, हे भारतीय फुटबॉलला उमगले. अवघ्या चार वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपान्त्य फेरी गाठली. त्या सामन्यात तीन गोल झळकावणारा नेव्हिल डिसूझा हा मूळचा गोव्याचा आणि मुंबईच्या मैदानांवर गाजलेला खेळाडू. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई ठरला. भारताला चौथा क्रमांक मिळाला. त्याआधीच्या फेरीत हंगेरीच्या माघारीमुळे पुढे चाल मिळाली होती, हेही नमूद करायला हवे. तरीही ऑस्ट्रेलियावरील विजय मैदानावर कमावलेला होता.

या यशामागे सय्यद अब्दुल रहीम हा हैदराबादचा शिक्षक-प्रशिक्षक होता. १९६२ मध्ये जकार्ता येथे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने दुसरे आशियाई सुवर्ण जिंकले. साखळीत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव झाला होता. अंतिम सामन्यात त्याच कोरियाला विरोधी प्रेक्षकांच्या गदारोळात भारताने २-१ असे हरवले. पी. के. बॅनर्जी आणि जखमी असतानाही खेळलेला जर्नेल सिंग यांनी गोल केले. कर्करोगाने ग्रासलेल्या रहीम यांचे पुढच्याच वर्षी निधन झाले. १९६४ च्या आशियाई करंडकात उपविजेतेपद आणि १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत जपानला १-० असे हरवून मिळवलेले कांस्यपदक, हे त्या परंपरेचे अखेरचे किरण ठरले. १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारताचा पुरुष संघ पुन्हा ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही.

येथे जपानशी तुलना अपरिहार्य ठरते. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या जपानलाही पुढची दोन दशके उतरती कळा लागली होती. तथापि जपानने १९९३ मध्ये व्यावसायिक लीग सुरू केली, तिच्या पायाशी शालेय व युवा फुटबॉलची भक्कम रचना ठेवली आणि १९९८ मध्ये प्रथमच विश्वचषक गाठला. त्यानंतरचा एकही विश्वचषक जपानविना झाला नाही. दक्षिण कोरियाने व्यावसायिक लीगचा प्रारंभ १९८३ मध्येच केला होता. भारतात राष्ट्रीय लीग सुरू झाली ती १९९६ मध्ये, आणि पुढे २००७ व २०१४ मध्ये नव्या नावांनी नवे डाव मांडले गेले. दर वेळी वरचा मजला बदलला; तळमजल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

आशियाई करंडकातील आकडे हेच सांगतात. भारत या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात पाच वेळा खेळला. १९६४ मध्ये अवघे चार संघ होते आणि गटातील अन्य देशांच्या माघारीने भारताचा मार्ग मोकळा झाला होता. तरीही तेथे भारताने दक्षिण कोरिया व हाँगकाँगला हरवले. त्यानंतर १९८४, २०११, २०१९ आणि २०२३ या चार स्पर्धांत मिळून भारत १३ सामने खेळला. त्यांतील ११ गमावले, एक बरोबरीत सुटला आणि जिंकला तो केवळ एक, २०१९ मध्ये थायलंडविरुद्ध. २०११ चे तिकीटही नेहमीच्या पात्रता फेरीतून नव्हे, तर दुय्यम संघांसाठीच्या चॅलेंज कपच्या २००८ मधील विजेतेपदातून मिळाले होते. २०२४ च्या प्रारंभी कतारमध्ये झालेल्या २०२३ च्या स्पर्धेत तर भारताला तीन सामन्यांत एकही गोल करता आला नाही.

दरम्यान, दार सातत्याने रुंदावत गेले. २०१९ पासून आशियाई करंडकात १६ ऐवजी २४ संघ खेळू लागले. २०२६ च्या विश्वचषकासाठी आशियाला थेट आठ जागा मिळाल्या. त्यांचा लाभ उझबेकिस्तान आणि जॉर्डन यांनी प्रथमच उठवला. भारत मात्र पात्रता फेरीच्या दुसऱ्या टप्प्यातच गारद झाला. गुवाहाटीत अफगाणिस्तानकडूनही त्याला हार पत्करावी लागली. २०२७ च्या आशियाई करंडकासाठी हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश असा आवाक्यातला गट मिळूनही पहिल्या पाच सामन्यांत भारताला एकही विजय मिळवता आला नाही. १९८४ मध्ये केवळ यजमान म्हणून खेळलेला सिंगापूर आता स्वबळावर पात्र ठरला, आणि भारत घरी बसला.

जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिसाव्या वर्षी, मार्च २०२५ मध्ये पुन्हा पाचारण करावे लागले, यातच दुखणे कळते. क्लब फुटबॉलमध्ये आघाडीवीराची जागा बहुधा परदेशी खेळाडूकडे असते. मग राष्ट्रीय संघाला गोल करणारा भारतीय मिळणार कोठून? त्यात महासंघाचा कारभार. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने महासंघाला काही दिवस निलंबित केले. २०२५ मध्ये व्यापारी हक्कांचा तिढा न सुटल्याने देशाची प्रमुख लीग वर्ष सरेपर्यंत सुरूच होऊ शकली नाही. खेळाडूंना सामनेच नसतील, तर प्रशिक्षक खालिद जमील असोत वा अन्य कोणी, त्यांनी चमत्कार करावा तरी कसा?

याच काळात महिला संघाने वेगळा धडा घालून दिला. २०२२ मध्ये नवी मुंबईत घरच्याच आशियाई करंडकातून करोनामुळे बाहेर पडावे लागलेल्या या संघाने जुलै २०२५ मध्ये यजमान थायलंडला २-१ असे हरवून २०२६ च्या स्पर्धेत स्थान मिळवले. तिला ना कोणाच्या माघारीची मदत झाली, ना यजमानपदाची.

पुरुष संघाला आता पुढे चालीची वाट पाहता येणार नाही. जिल्हा आणि शालेय पातळीवर वर्षभर सामने, भारतीय आघाडीवीरांना क्लबमध्ये खेळण्याची संधी आणि वेळापत्रक पाळणारा महासंघ, या तीन गोष्टींची मागणी नवी नाही. त्या झाल्या नाहीत, तर उद्या आशियाई करंडक ३२ संघांचा केला तरी भारताला पात्रतेसाठी झगडावेच लागेल.