दाखला आणि जिना

अमेरिकेतील अटलांटा शहराचे ‘वाईनकॉफ’ हे पंधरा मजली हॉटेल सर्वस्वी अग्निरोधक असल्याची जाहिरात करीत असे. ७ डिसेंबर १९४६ रोजी तेथे आग लागून ११९ माणसे दगावली, कारण इमला जरी उभा राहिला तरी उतरण्यास जिना एकच होता आणि त्याचेच धुराडे झाले. मुंबईच्या कमला मिल्समध्ये २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर गच्चीवरील उपाहारगृहे पेटली, तेव्हा मृत्यू पावलेल्या १४ जणांपैकी बहुतेक स्वच्छतागृहात आश्रयास जाऊन गुदमरले. ज्वाळेपेक्षा धूर घातक, हे आपण दरवेळी नव्याने शिकतो!

कऱ्हाडहून चिपळूणकडे जाताना पाटण लागते, आणि कोयनेच्या धरणाकडे जाणाऱ्या पर्यटकांसाठी या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या लॉज-खाणावळींकडे पाहताना मला मुंबईहून अधिक काळजी वाटते. कारण मोठ्या शहराचा अग्निशमन बंब घाटवाटेच्या गावी वेळेवर पोहोचेल, असे गृहीत धरणे धाडसाचे आहे. २००६ च्या राज्य अधिनियमाने अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला दरवर्षी जानेवारीत व जुलैत देण्याची जबाबदारी मालक-भोगवटादारावर टाकली आहे खरी. परंतु दफ्तरी दाखल झालेला कागद जिन्याखालचे गॅस सिलिंडर हलवीत नाही, की मागील दाराशी रचलेली कांद्याची पोती. म्हणून तपासनिसाने रात्री, दिवे मालवून, वरच्या मजल्यावरून स्वतः खाली उतरून पाहावे, आणि ज्यास वाट सापडली नाही त्याने त्या इमल्याचा परवाना तेथेच रोखावा.