पूजा एका दिवसाची, निगा वर्षाची

खंडेनवमीला घरातले लोखंड उजेडात येते. मोताळ्याच्या परिसरात विळा, कोयता, कुऱ्हाड, वखराची पास, शिंप्याचे शिवणयंत्र, दुकानदाराचा तराजू आणि परवान्याची असेल तर बंदूकही पाटावर मांडली जाते. पोलीस दलातही विजयादशमीच्या सुमारास शस्त्रपूजन होते. झेंडूची माळ पडते, गंधाक्षता वाहिल्या जातात, नारळ फुटतो. या प्रथेमागील श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचा.

हा सण वर्षाच्या कोणत्या वेळी येतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. चार महिन्यांचा पाऊस ओसरलेला असतो. मराठ्यांच्या फौजा पावसाळा छावणीत किंवा घरी काढून दसऱ्याला सीमोल्लंघन करीत, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मोहिमेवर निघण्यापूर्वी ओलीत पडून राहिलेली शस्त्रे बाहेर काढणे, घासणे, पुसणे, त्यांना धार आणि तेल देणे ओघानेच आले. आमच्या मते पूजा ही त्या तपासणीची सांगता होती. आज सांगता तेवढी उरली आणि तपासणी गळून पडली. फूल राहिले, तेलाची चिंदी हरवली.

ही हानी सर्वाधिक जाणवते ती रायफलीच्या एका दुर्लक्षित भागात. रायफलीची नळी स्वच्छ ठेवण्याकडे साऱ्यांचे लक्ष असते. दस्त्याचे लाकूडही पुसले जाते. परंतु नळीच्या मागे, खालच्या बाजूने बसणारी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, बहुधा कपाटाच्या कोपऱ्यात पडलेली असते. मॅगझिन हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ कोठार असा आहे. पातळ पोलादी पत्र्याची भिंत, आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर काडतूस वर ढकलणारी पट्टी आणि तळाला झाकण, एवढाच तिचा संसार. जुन्या .३०३ रायफलीच्या पेटीत दहा काडतुसे मावतात. एसएलआर आणि इन्सासच्या पेटीत वीस. प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस नेमक्या त्याच उंचीवर आणून ठेवणे हे तिचे काम. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. पेटीच्या आतील भिंतीवर त्याचे पापुद्रे धरले की पट्टी अडखळते, काडतूस तिरके होते आणि रायफल ऐन वेळी अडते. मग ती धरणारा शिपाई कितीही शूर असला, तरी त्याच्या हाती उरतो केवळ एक जड दांडा.

कुणी म्हणेल, मोताळ्यासारख्या तालुक्यात रायफल चालवण्याची वेळ येते तरी कधी? येत नाही, हे या भागाचे भाग्यच. परंतु नेमका याच कारणाने धोका वाढतो. रोज हाताळले जाणारे शस्त्र रोज पुसले जाते. सीमेवरचा जवान आपल्या रायफलीला एक दिवसही विसरत नाही. वर्षानुवर्षे वापरच होत नाही, त्या शस्त्राची आठवण कोण ठेवणार? शांत तालुक्यातील शस्त्रागार अशांत भागातील शस्त्रागारापेक्षा लवकर गंजते. आणि संकट येते, ते पूर्वसूचना देऊन येत नाही.

मुंबईने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अत्याधुनिक शस्त्रे घेऊन आलेल्या दहशतवाद्यांपुढे अनेक पोलिसांच्या हाती लाठ्या आणि जुन्या .३०३ रायफली होत्या. त्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने काडतुसांच्या तुटवड्यामुळे जवानांना गोळीबाराचा पुरेसा सराव मिळाला नव्हता, याकडे लक्ष वेधले. नवी शस्त्रे आली पाहिजेत, यात वाद नाही. पण सरावच नसेल तर पेटीची परीक्षा होणार कोठे? तिचा दोष गोळी झाडतानाच कळतो. कपाटात ती निर्दोषच दिसते.

या विषयाचे एक टोक आपल्या अगदी जवळ आहे. मोताळ्याहून मलकापूर गाठून भुसावळच्या रस्त्याला लागले की वाटेत वरणगाव लागते. तेथील आयुधनिर्माणीत रायफलींची काडतुसे तयार होतात. पुढे भुसावळला १९४९ साली स्थापन झालेल्या आयुधनिर्माणीत दारूगोळा साठवण्याच्या आणि वाहून नेण्याच्या पेट्या व पिंपे बनतात. २०२१ च्या ऑक्टोबरात देशातील आयुधनिर्माण्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हे दोन्ही कारखाने वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांकडे गेले. कामाचे स्वरूप मात्र तेच राहिले. म्हणजे काडतूस ओलीपासून वाचावे यासाठी देश एक आख्खा कारखाना चालवतो. एवढ्या जपणुकीने आलेले काडतूस शेवटी ज्या पेटीत भरायचे, तीच गंजलेली असावी, हा विरोधाभास कुणालाही बोचावा.

गंज ही कोकणची व्याधी, विदर्भाची हवा कोरडी, असा आपला समज. तो अर्धाच खरा आहे. लोखंडाला गंजण्यासाठी प्राणवायू आणि पाणी दोन्ही लागतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि पावसाळ्यात ही मर्यादा आपल्याकडेही सहज ओलांडली जाते. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या पत्र्याच्या छपराखाली थंड धातूवर दव धरते. हाताच्या घामातील क्षार त्यात भर घालतात. नुसत्या बोटाचा ठसा काही दिवसांनी तांबूस होऊन उमटलेला अनेकांनी पाहिला असेल. त्यात धूळ आणि कापसाची बारीक तूस तेलकट पृष्ठभागाला चिकटली की ओल धरून ठेवणारा लेपच तयार होतो.

यावरचा उपाय अवघड नाही. तो नियमाने करणे अवघड आहे. दीर्घकाळ ठेवायची पेटी प्रथम पूर्ण रिकामी करावी. पितळी काडतूस आणि पोलाद ओलीत एकमेकांना लागून राहिले तर पोलादाची झीज वाढते. शिवाय तेल झिरपून काडतुसाच्या बुडाशी असलेली ठिणगीची टोपी निकामी होऊ शकते. नंतर तळाचे झाकण, स्प्रिंग व पट्टी सुटी करून जुना गंज आणि मळ काढावा, भाग पूर्ण कोरडे करावेत आणि उघड्या बोटांचा स्पर्श टाळून खनिज तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. तेल जितके अधिक तितके चांगले, हा भ्रम आहे. अधिक तेल म्हणजे अधिक धूळ. घरोघरी हाताशी असते म्हणून खोबरेल लावले जाते, तेही टाळावे. ते कालांतराने खवट व आम्लधर्मी होते आणि पौषातल्या थंडीत गोठते. लष्कर दीर्घ साठवणुकीसाठी जाड ग्रीस वापरत आले आहे; मात्र ते वापरापूर्वी पूर्ण उतरवावे लागते.

त्यानंतर पेटी गंजरोधक कागदात गुंडाळावी. या कागदातील रसायन वाफेच्या रूपाने धातूवर बसून त्याचे रक्षण करते. पोलादी सुटे भाग बनवणारे कारखाने आपला माल अशाच कागदात बांधून पाठवतात, तेव्हा ती काही दुर्मीळ वस्तू नव्हे. कागदात बांधलेल्या पेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलावी किंवा दाणे तापवून पुन्हा वापरावेत. डबा जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून दूर असावा. वर तारीख लिहिलेली असावी. कातडी किंवा कॅनव्हासच्या पाकिटात पेटी कधीही वर्षभर ठेवू नये, कारण ते ओल धरते. आणि ओलसर पेटी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवणे म्हणजे गंजाला बिऱ्हाड थाटून देणे होय.

या शास्त्राशी आपले नाते जुने आहे. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. कानपूरच्या आयआयटीतील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी केलेल्या अभ्यासानुसार त्या लोखंडातील स्फुरदाच्या अधिक प्रमाणामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला. आजही पोलादी शस्त्रांच्या भागांवर फॉस्फेटचा थर देतात, त्यात स्फुरद आहेच. फरक एवढाच की स्तंभाने आपले कवच आपणच निर्माण केले; पेटीवरचा फॉस्फेटचा थर सच्छिद्र असतो आणि तेल धरून ठेवणे हे त्याचे मुख्य काम. तेल दिले नाही तर तो थर एकटा पुरत नाही. प्लास्टिकची पेटी घेतली की प्रश्न मिटला, असेही नाही. इन्सासच्या प्लास्टिक पेट्यांना १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीमुळे तडे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या. शिवाय प्लास्टिकच्या पेटीतही स्प्रिंग पोलादाचीच असते. पदार्थ बदलला की शत्रू बदलतो. निगा सुटत नाही.

साठवणुकीची शिस्त आपल्याला परक्यांकडून शिकावी लागावी, असेही नाही. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी बारीक सूचना आहेत. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, बाण आदी साहित्याला सर्दी लागू देऊ नये, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने ते बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मोहोर करून ठेवावे, असा तेथे दंडक आहे. किती नेमकी व्यवस्था! वस्तू कोणती, जबाबदार कोण, किती दिवसांनी, आणि झाल्याची खूण काय, हे सारे त्यात आले. राज्य टिकते ते रणांगणावरील पराक्रमाइतकेच अशा कोठारातील हिशेबावर, हे त्या मुत्सद्द्याने ओळखले होते.

आता घरच्या बाजूकडे वळू. रानडुकरांचा आणि रोह्यांचा उपद्रव सोसणाऱ्या शेतकऱ्यांपैकी काहींकडे परवान्याची बंदूक असते. क्वचित कुणाकडे पेटीची.३१५ रायफलही असते. निवडणूक लागली की ज्यांच्याविषयी आदेश निघेल त्यांना शस्त्र जमा करावे लागते. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला झाला आणि १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. त्याच वर्षी लोकसभेची आचारसंहिता मार्चपासून जूनपर्यंत होती. शस्त्र जमा करण्यामागील हेतू योग्यच आहे. कायदा सर्वांनी पाळला पाहिजे. परंतु महिनोन्‌महिने भिंतीला टेकवून ठेवलेले शस्त्र परत मिळते तेव्हा त्यावर तांबडी बुरशी चढलेली असते, ही तक्रार परवानाधारकांकडून ऐकू येते. कुणा एका ठाण्यावर बोट ठेवण्याचा आमचा हेतू नाही. जागा अपुरी, मनुष्यबळ तोकडे, बंदोबस्ताचा ताण मोठा, हे आम्ही जाणतो. पण जमा करणाऱ्याने शस्त्र रिकामे, स्वच्छ आणि तेल देऊन जमा करावे, पेटीचा पावतीत स्वतंत्र उल्लेख करून घ्यावा, आणि घेणाऱ्याने ते कोरड्या कपाटात उभे ठेवावे, एवढे तर दोघांनाही करता येईल.

शासनाकडे आमचे मागणे मोठे नाही. शस्त्रागाराच्या नोंदवहीत रायफलीला क्रमांक असतो, तसा प्रत्येक पेटीलाही असावा आणि तिच्या तपासणीची तारीख व तपासणाऱ्याची सही त्यापुढे असावी. पावसाळ्यापूर्वी एकदा, पावसाळ्यात दोनदा आणि दसऱ्यापूर्वी एकदा प्रत्येक पेटी उघडली जावी. जिल्ह्याच्या शस्त्र-कारागिराने तालुक्यांचा फेरा करावा आणि सरावाच्या वेळी साठ्यातील पेट्या आलटून पालटून वापराव्यात. जी पेटी दोनदा अडेल ती दुरुस्त करावी किंवा बाद करावी. पैशांची अडचण पुढे करण्याजोगा हा खर्च नाही. तेल, चिंदी, कागद आणि पुड्या यांची किंमत एका नव्या रायफलीपुढे नगण्य आहे. खर्च आहे तो लक्षाचा, आणि तोच आपल्याकडे नेहमी महाग पडतो.

वाचकांसाठीही एक सूचना. येत्या खंडेनवमीला पूजेआधी प्रत्येक लोखंडी वस्तू स्वतः घासून, पुसून पाटावर मांडावी. घरातील मुलांनाही विळ्या-कोयत्याच्या त्या कामात हाताशी घ्यावे. बंदूक असेल तर ती परवानाधारकानेच, रिकामी असल्याची खात्री करून हाताळावी. ओले गंध, हळदकुंकू आणि झेंडूचा ओलावा रात्रभर पोलादावर राहिला तर सकाळी तेथेच गंजाचा पहिला ठिपका दिसतो. म्हणून उत्तरपूजा झाली की फुले उतरवावीत, कोरड्या फडक्याने पुसावे आणि तेलाचा हात फिरवावा. त्याने पूजेत उणे काही येत नाही, उलट ती पुरी होते. आणि पुढची तारीख दिनदर्शिकेवर त्याच दिवशी लिहून ठेवावी. शस्त्र आपले रक्षण करील ही अपेक्षा रास्तच आहे. पण वर्षभर त्याचे रक्षण आपल्याला करावे लागते.