माहितीही अमानतच आहे

रमजान जवळ आला की आपल्या मोहल्ल्यांमध्ये फॉर्म फिरू लागतात. रेशन किट, जकातीची मदत, मुलींची शिष्यवृत्ती, दवाखान्याचा खर्च. फॉर्मसोबत आधारची झेरॉक्स, मोबाइल नंबर, उत्पन्नाचा दाखला, कधी आजाराचे रिपोर्टही जोडले जातात. एका संस्थेकडे निधी कमी पडला की ती यादी दुसऱ्या संस्थेला पाठवते. तिथून ती एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. हेतू चांगलाच असतो. पण ज्या विधवा बहिणीने आपली अडचण एका टेबलासमोर बसून विश्वासाने सांगितली, तिला पुढच्या प्रवासाबद्दल कुणीच विचारलेले नसते.

सरकार कागदपत्रे मागते तेव्हा आपण प्रश्न विचारतो, आणि विचारायलाच हवेत. तेच प्रश्न आपण आपल्या ट्रस्टला, जमातीला, युवक मंडळाला विचारतो का?

विश्वासाने दिलेली माहिती किती दूर जाऊ शकते, याचे एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. 'मुस्लिम प्रो' हे नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे ॲप जगभरात कोट्यवधी वेळा डाउनलोड झाले आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये 'मदरबोर्ड' या वृत्तस्थळाने उघड केले की, हे ॲप वापरकर्त्यांचे लोकेशन 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीला देत होते आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. लष्कराला थेट माहिती विकल्याचा आरोप मुस्लिम प्रोने नाकारला, पण एक्स-मोडशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. लोकांनी लोकेशन दिले होते ते नमाजच्या वेळेसाठी. पुढचा व्यवहार त्यांना माहीतच नव्हता. विश्वास तुटला तो इथे.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यापुढे जातो. संमती मोकळेपणाने आणि ठरावीक कामापुरती हवी, ती देण्याइतकेच परत घेणे सोपे हवे, आपली माहिती कुणाकुणाला दिली हे विचारता यायला हवे आणि 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती हवी, असे तो सांगतो. या कायद्याने सरकारला दिलेल्या सवलतींवर टीका होते, आणि ती रास्त आहे. पण म्हणून आपल्या संस्थांची जबाबदारी कमी होत नाही.

कार्यकर्त्यांचा आक्षेप असा असतो की, यादी वाटून घेतली नाही तर एकच कुटुंब तीन ठिकाणांहून किट घेते आणि दुसरे उपाशी राहते. अडचण खरी आहे. पण पडताळणीसाठी नाव आणि मोबाइल नंबर पुरतो. आजाराचा रिपोर्ट, तलाकचा कागद, मुलीचा फोटो लागत नाही. मुस्लिम महिलांचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडणारे 'सुल्ली डील्स' आणि 'बुली बाई' हे प्रकार आपण 2021 आणि 2022 मध्ये पाहिले आहेत. मदत घेणाऱ्या मुलीचा फोटो फेसबुकवर टाकण्याआधी एवढे तरी आठवावे.

मित्रांनो, आज संस्थांचे गुगल फॉर्म तुम्हीच बनवता, याद्या तुम्हीच टाइप करता. म्हणून सुरुवातही तुमच्याकडूनच व्हावी. फॉर्मच्या वरच सोप्या मराठीत आणि उर्दूत लिहा: ही माहिती कशासाठी हवी, कोण पाहील, किती दिवस ठेवू. दुसऱ्या संस्थेला द्यायची असेल तर तिचे नाव लिहून वेगळी संमती घ्या. 'नाही' म्हणणाऱ्याची मदत थांबवू नका. काम संपले की यादी पुसून टाका, ग्रुपवरूनही.

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना मक्केचे लोक 'अल-अमीन' म्हणत. हिजरतच्या वेळी जिवावर बेतलेले असतानाही लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली यांना मागे ठेवले, असे सीरतच्या ग्रंथांत येते. त्या ठेवींमध्ये विरोधकांच्याही ठेवी होत्या. आज गरीब माणूस आपल्याकडे सोने ठेवत नाही. तो आपले नाव, नंबर आणि आपली लाज ठेवतो. ती अमानत ज्याची त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?