मूत्रपिंड बिघडते ते साखरेने, गोळ्यांनी नव्हे

मधुमेहाच्या गोळ्यांनी किडनी जाते, हा समज महाराष्ट्रात घट्ट रुजलेला आहे आणि त्यापायी साखर चढलेली असतानाही गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. पुरावा म्हणून सांगितले जाते ते असे: रुग्णाने दहा-पंधरा वर्षे गोळ्या घेतल्या, पुढे क्रिएटिनिन वाढले, डॉक्टरांनीच मेटफॉर्मिन थांबवले, म्हणजे दोष गोळीचा. त्याच दहा-पंधरा वर्षांत रक्तातली साखरही चढीच होती, हे मात्र गाळले जाते. किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेहींच्या मूत्रपिंडातील गाठींचे वर्णन 1936 मध्ये केले. मेटफॉर्मिनचा मधुमेहावरील वापर 1957 पासूनचा. औषध येण्याच्या वीस वर्षे आधी नोंदलेला विकार त्या औषधाच्या माथी मारता येत नाही.

खरे कारण पेशींच्या आत आहे. रक्तात साखर वाढली की शरीरातल्या बहुतेक पेशी आत येणाऱ्या साखरेला आवर घालतात. मूत्रपिंडाच्या गाळणीतील मेसँजियल पेशींना आणि केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींना ते साधत नाही. बाहेर वाढली की त्यांच्या आतही वाढते. मायकेल ब्राउनली यांच्या 2001 मधील मांडणीनुसार, ही जादा साखर जाळताना मायटोकाँड्रियात सुपरऑक्साइड अतोनात तयार होते आणि साखर नेहमीचा मार्ग सोडून आडमार्गांना लागते. प्रथिनांना तिचे अवशेष चिकटतात, टीजीएफ-बीटा हे संदेशवाहक प्रथिन वाढते आणि मेसँजियल पेशी कोलॅजनचे थर रचत सुटतात. गाळणीचा पडदा जाड होतो, तरीही गळू लागतो, कारण त्याला बाहेरून बिलगलेल्या पोडोसाइट पेशी सुटून लघवीवाटे निघून जातात. त्यांची जागा भरून निघणे फार अवघड. साऱ्या नुकसानीत हे सर्वांत गंभीर. लघवीत अल्ब्युमिन उतरते ते इथूनच. उच्च रक्तदाब आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो, म्हणून प्रत्येक मधुमेहीला हा विकार होत नाही.

गोळीवरचा आरोप खरा असता, तर जास्त उपचार घेणाऱ्यांची मूत्रपिंडे आधी बिघडली असती. इन्सुलिनबाबतही अशीच भीती घातली जाते. टाइप 1 मधुमेहाच्या 1,441 रुग्णांवरील डीसीसीटी चाचणीत, 1993 मध्ये, नेमके उलटे दिसले: इन्सुलिन अधिक वेळा देऊन साखर काटेकोर राखलेल्या गटात लघवीत अल्ब्युमिन अल्प प्रमाणात उतरू लागण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी होते. 1998 मधील एका अभ्यासात स्वादुपिंड-रोपणाने साखर पूर्ववत झालेल्या आठ रुग्णांच्या मूत्रपिंडातील विकृती दहा वर्षांत ओसरली. पाच वर्षांनी तपासले तेव्हा ती कायम होती; इतकी ही दुरुस्ती संथ.

मेटफॉर्मिन थांबवतात, हे खरे आहे. ते लघवीवाटेच बाहेर पडते. जीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग, 30 च्या खाली गेल्यावर ते अंगात साचून रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो. मूत्रपिंड आधी बिघडते, गोळी नंतर थांबते. मूत्रपिंडाला खरोखर बाधणारी औषधे वेगळीच आहेत: चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षे घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. उलट, मधुमेहावरचेच कॅनाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते आणि गाळणीतला दाब उतरवते. 2019 च्या क्रेडेन्स चाचणीत मूत्रपिंड निकामी होणे, क्रिएटिनिन दुप्पट होणे, मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकाराने मृत्यू येणे, यांचा एकत्रित धोका या गोळीने 30 टक्क्यांनी घटला.