वनविद्येला माळरान कधी दिसणार?

पावसाळा तोंडावर आला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील माळांवर खड्डे दिसू लागतात. दोरी लावून, सारख्या अंतराने, शिस्तीत खणलेले. पहिल्या सरी पडल्या की त्यांत कोठे गिरिपुष्प, कोठे सुबाभूळ, कोठे आणखी काही रोपे उभी राहतात. समारंभ होतात, छायाचित्रे निघतात, आकडे मुंबईस कळविले जातात. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत तर महाराष्ट्राने पन्नास कोटी वृक्ष लावण्याचा संकल्प सोडला होता. पहिल्या वर्षी चार कोटी, दुसऱ्या वर्षी तेरा कोटी आणि तिसऱ्या वर्षी तेहतीस कोटी असा त्याचा चढता क्रम होता. या उत्साहास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. वृक्ष लावावेत हे कोणास अमान्य आहे? आमचा प्रश्न निराळा आहे. या माळावर झाड लावावे की असलेले गवत राखावे, हे ठरविणारा माणूस कोठे शिकला, काय शिकला, आणि ज्यांनी त्याला शिकविले त्यांनी असला माळ विद्येचा विषय म्हणून कधी पाहिला होता काय?

या प्रश्नाचे मूळ बरेच जुने आहे, आणि ते पुण्याच्या जवळच सापडते. १८४७ साली मुंबई इलाख्यात जंगलांचा पहिला संरक्षक म्हणून ज्या डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक झाली, ते पेशाने शस्त्रवैद्य होते. पुण्याजवळच्या दापुडीच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचा कारभार ते पाहत. जंगलाची म्हणून निराळी विद्या असते, ही कल्पनाच तेव्हा या देशात रुजली नव्हती. झाडांची ओळख असलेला डॉक्टर पुरेसा वाटला. पुढे १८६४ मध्ये डीट्रिक ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले आणि १८७८ मध्ये डेहराडूनची वनशाळा निघाली. आपल्या पुण्यातही, आज जे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध आहे तेथे, एके काळी शेतकी आणि जंगल या विषयांचे वर्ग भरत. १९११ पर्यंत अभियांत्रिकीखेरीजचे सर्व वर्ग तेथून उठले. शेतकीच्या शिक्षणाला पुण्यात स्वतंत्र महाविद्यालय लाभले, जंगलाच्या वर्गाला मात्र पुण्यात पुन्हा तसे घर मिळाले नाही.

या विद्येचे प्रयोजन तेव्हा उघड होते. रेल्वेच्या रुळांखाली घालावयास लाकूड हवे होते, इमारतींस हवे होते, तिजोरीस महसूल हवा होता. सागवान किती वर्षांनी तोडावयास येते, एका एकरात किती घनफूट माल निघतो, तोडलेल्या जागी पुन्हा झाड कसे उभे करावे, हा तिचा गाभा. जंगल म्हणजे लाकूड, हे समीकरण त्यातून पक्के झाले. मग ज्या भूमीवर लाकूड नाही तिचे काय? ती एक तर ‘राखीव’ म्हणून ताब्यात घ्यावयाची, नाही तर ‘पडीक’ म्हणून दप्तरात टाकावयाची. तिच्यावर गुरे-मेंढरे चारणाऱ्याच्या दृष्टीने ती पडीक मुळीच नव्हती. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गावोगावची गायराने जंगलखात्याने गिळल्याबद्दल जी तक्रार मांडली, ती याच जमिनींविषयी होती. ती तक्रार करणारा शेतकरी-धनगर आणि ती ऐकणारा डेहराडूनचा पदवीधर यांची भाषाच निराळी होती.

स्वातंत्र्यानंतर तरी भाषा जुळली काय? १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एकतृतीयांश भूमीवर वने असावीत असे उद्दिष्ट ठेवले; १९८८ च्या नव्या नीतीनेही ते कायम राखले. मधल्या काळात, १९७६ मध्ये, राष्ट्रीय कृषी आयोगाने वनविद्येचे शिक्षण कृषी विद्यापीठांतूनही द्यावे असे सुचविले. सूचना शहाणपणाची होती. जंगलखात्याने आपल्याच नोकरांना आपल्याच शाळेत शिकवावे, ही शंभर वर्षांची रीत मोडून विद्या खुल्या विद्यापीठात यावी, हा त्यातील अर्थ. त्यानुसार १९८५ च्या सुमारास आपल्या राज्यात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वनविद्येची चार वर्षांची पदवी सुरू झाली. याच १९८५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळ स्थापून वर्षाला पन्नास लाख हेक्टर जमिनीवर झाडे लावण्याचा मनसुबा जाहीर केला. हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. पदवी आणि ‘पडीक भूमी’ यांचा पाळणा एकाच वर्षी हलला. तेव्हा त्या पदवीधराने ‘पडीक’ शब्दासच आक्षेप घ्यावा, ही अपेक्षा कोणी करावी?

या शिक्षणाची रचनाही मोठी चमत्कारिक आहे. अभ्यासक्रमाचा साचा दिल्लीची भारतीय कृषी अनुसंधान परिषद ठरविते. वर्ग चालवितात ती विद्यापीठे राज्याच्या कृषी विभागाच्या छत्राखाली. शिकून बाहेर पडलेल्या मुलाला जेथे काम करावयाचे ते वनखाते महसूल व वन विभागाचे. तेथे शिरावयाचे तर लोकसेवा आयोगाची परीक्षा; आणि त्या परीक्षेला वनविद्येच्या पदवीधरासोबत इतर विज्ञानशाखांचे व अभियांत्रिकीचे पदवीधरही बसतात. निवड झाली की पुन्हा खात्याच्या प्रबोधिनीत प्रशिक्षण, म्हणजे ज्याने चार वर्षे वनसंवर्धन आणि वनमापन शिकले तोही त्याच बाकावर, आणि ज्याने यंत्रशास्त्र शिकले तोही. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो; हा तर तीन घरचा. वनसेवेत आपल्याला प्राधान्य मिळावे ही या पदवीधरांची मागणी जुनी आहे आणि आमच्या मते ती रास्त आहे. मात्र त्या मागणीबरोबर एक प्रश्न त्यांनी आपल्या विद्यापीठांसही विचारावयास हवा: आम्हांला कोणते वन शिकविलेत?

दापोली म्हणजे सह्याद्रीच्या पश्चिमेचा धो-धो पाऊस; तेथील वनविद्येला बांबू, साग, खासगी मालकीची रायवळ जंगले यांचा सहवास. अकोल्याच्या पाठीशी मेळघाट आणि सागवानाचा विदर्भ. दोन्ही ठिकाणी काम झाले आहे, ते कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेश मिळून दहा जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात, त्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या विद्येला तसे मानाचे पान मिळाले नाही. शेताच्या बांधावरील झाडांचे, म्हणजे वनशेतीचे, संशोधन तेथे झाले आहे. पण बांधापलीकडे जो माळ सुरू होतो त्याचा वाली कोण?

हा माळ काय आहे, हे बारामती-इंदापुरात पाहावे. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा आला आणि खालच्या काळ्या रानाचे नशीब पालटले. ऊस आला, माळेगाव, भवानीनगर, वालचंदनगरची धुराडी उभी राहिली. १९८० मध्ये उजनीचे पाणी पसरले आणि इंदापूरच्या काठावर रोहित पक्षी उतरू लागले. पण कालव्याच्या वर, जेथे पाट पोहोचला नाही, तेथे मुरमाड उंचवट्यांवर जुनेच राज्य चालू राहिले. पाऊस सरासरीने जेमतेम पाचशे मिलिमीटर. त्यावर पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते, मध्येच एखादी हिवर, बाभूळ, बोर. या विरळपणातच या भूमीचे आरोग्य आहे. चिंकारा, खोकड, तरस, लांडगा ही जनावरे याच मोकळ्या रानाची. दाट झाडीत त्यांना आसरा नाही, अडचण आहे. बारामती तालुक्यातील सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये चिंकाऱ्यांसाठी घोषित झाले. त्याचा विस्तार अवघा पाच चौरस किलोमीटर. बाकीचे चिंकारे कडबनवाडीसारख्या ठिकाणी, अभयारण्याच्या पाटीवाचून, धनगरांच्या मेंढरांशेजारी दिवस काढतात.

अशा ठिकाणी ओळीने खड्डे खणून झाडोरा उभा केला, तर गवतावर सावली पडते आणि ते विरळ होते. मेंढपाळाचा चारा जातो, चिंकाऱ्याची दृष्टी अडते. गिरिपुष्पाला गुरे सहसा तोंड लावत नाहीत. जेथे वेडी बाभूळ शिरली, तेथे तर गवत परत मिळविणे हे पिढीचे काम होते. आणि हे सर्व द्वेषाने नव्हे, तर शिकविल्याबरहुकूम होते. अभ्यासक्रमात गवताळ भूमीचा विषय मुळीच नाही असे नाही; पण एखाद्या सत्रातील एखादा विषय आणि विद्येचा पाया यांत अंतर आहे.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्याचा अनुभव ताजा आहे. माळढोकासाठी १९७९ मध्ये सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात शेते आली, गावे आली, शहरेही आली, लोक त्रासले. अखेर २०१२ मध्ये ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आले, आणि ज्या पक्ष्यासाठी हा खटाटोप, तो महाराष्ट्रातून दिसेनासा होण्याच्या काठावर जाऊन पोहोचला. माळ कोणता, शेत कोणते, चराई किती आणि कोणत्या महिन्यात, हे सांगणारी माणसे तयार न करता नकाशावर रेघ ओढली की असे होते. पुणे जिल्ह्यातील एका लांडग्यात कुत्र्याचे रक्त मिसळल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झाले. गावकुत्र्यांचा बंदोबस्त, मेंढ्यांची भरपाई, रानातील उकिरडे हे सारे प्रश्न आता वनाधिकाऱ्याच्या दारात आहेत, आणि सागाची घनफुटे मोजून ते सुटणारे नाहीत.

म्हणून आमची सूचना अशी की राहुरी विद्यापीठाने गवताळ आणि कोरडवाहू भूमीच्या वनविद्येचा अभ्यासक्रम बारामती-इंदापूरच्या भूमीवर सुरू करावा. नव्या इमारतीचा कोनशिला समारंभ त्यासाठी नको. बारामतीत कृषी महाविद्यालय आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे. माळेगाव खुर्द येथे २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. उघड्या मुरमावर आणि खडकावर माती कशी घडवावी, याचा तिने स्वतःच्याच आवारात अभ्यास केला आहे. कडबनवाडी व शिरसुफळ येथे वनखात्याने अलीकडे पाहुण्यांना माळरान दाखविण्याची व्यवस्था केली आहे. पाहुण्यांना दाखवावयाचे ते विद्यार्थ्यांना शिकवावयास काय हरकत? आणि शिक्षकांच्या यादीत एखादा जाणता मेंढपाळ मानधनावर असावा, असेही आम्ही म्हणतो. कोणते गवत केव्हा चारावे आणि केव्हा राखावे, याचे त्याचे ज्ञान एखाद्या प्रबंधाहून कमी नाही.

यावर कोणी म्हणेल की आधीच्याच पदवीधरांना नोकऱ्या नाहीत, त्यात आणखी भर कशास? आक्षेप खरा आहे. तूर्त नवी पदवीच काढा असा आमचा आग्रह नाही. दापोली व अकोला येथील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे एक सत्र या माळावर व्हावे, पदव्युत्तर संशोधनाच्या काही जागा येथे असाव्यात, आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणातील काही आठवडे चंद्रपूरच्या प्रबोधिनीबाहेर, इंदापूर तालुक्यात जावेत. याला कायदा बदलावा लागत नाही. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांचा मेळ घालणारी कृषी शिक्षण व संशोधन परिषद पुण्यातच आहे, मुख्य वनसंरक्षकांचे कार्यालयही पुण्यातच आहे. या दोन कचेऱ्यांनी एका टेबलाशी बसून पुढील पावसाळ्यापूर्वी एवढे ठरवावे, आणि ते ठरेपर्यंत ज्या माळांवर आज चिंकारे चरत आहेत तेथील खड्ड्यांचे काम थांबवावे.