मेंदूतील डावे-उजवे

पोहरादेवी परिसरातील एका आजींना पक्षाघात होऊन तीन आठवडे झाले होते. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला होता. बोलणे मात्र स्वच्छ होते. सून कंटाळून म्हणाली, ‘‘डॉक्टरसाहेब, अर्धं ताट तसंच ठेवतात आणि वर मलाच म्हणतात, पोटभर वाढत नाहीस.’’ मी ताट पाहिले. उजवीकडची भाजी संपली होती. डावीकडची चटणी, कोशिंबीर आणि भाकरीचा डावा अर्धा भाग जागचा हललेला नव्हता.

आजींचे डोळे उत्तम होते आणि हट्टही नव्हता. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यामुळे डावीकडचे जग त्यांच्या लक्षातच येत नव्हते. याउलट, डाव्या भागाला इजा झाली तर उजवे अंग लुळे पडते आणि पुष्कळदा वाचाही जाते. वाणीचे हे स्थान पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ पासूनच्या अभ्यासातून दाखवून दिले. मेंदूची ही श्रमविभागणी माणसाचे वैशिष्ट्य आहे, असे मग दीर्घकाळ मानले गेले. तो समज ज्यांनी मोडला, त्यांत मासेही आहेत.

झेब्रा मासा हा आपल्या उपखंडातलाच. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला हा जीव आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही आहे. त्याचे अंडे पारदर्शक असल्याने आतील मेंदू घडताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येतो.

आरंभी मेंदूच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. गर्भाच्या शेपटाकडील टोकाशी द्रवाने भरलेली एक चिमुकली पिशवी असते. तिच्यातील सूक्ष्म केस गरगर फिरतात आणि द्रवाला एका दिशेने प्रवाह देतात. त्यातून डाव्या बाजूस ‘नोडल’ नावाचा रासायनिक संकेत जागा होतो. मग मेंदूच्या मध्यावर असलेला पेशींचा एक छोटा पुंजका हळूहळू डावीकडे सरकतो आणि शेजारच्या भागाची घडण बदलतो. हा पुंजका काढून टाकला, तर डावी बाजूही उजवीसारखीच घडते. नोडलचा संकेत थांबवला, तर मात्र भेद नाहीसा होत नाही. केवळ त्याची दिशा बेभरवशाची होते, काही माशांत डावी तर काहींत उजवी. म्हणजे ‘भेद असावा’ हे एक यंत्रणा ठरवते आणि ‘कोणत्या बाजूला’ हे दुसरी. मला स्वतःला यातील ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

बाजूही सर्व जातींत एकच नाही. मेंदूचा हाच भाग झेब्रा माशात डावीकडे अधिक गुंतागुंतीचा असतो, तर लॅम्प्रे या जबडा नसलेल्या प्राचीन वंशातील माशात उजवीकडे मोठा.

पण निसर्गाने असा भेद टिकवला कशासाठी? झेब्रा मासा भक्ष्यावर झडप घालताना उजवा डोळा वापरतो, ओळखीचे दृश्य न्याहाळताना डावा. इटलीतील संशोधकांनी दुसऱ्या एका छोट्या माशाच्या बाबतीत पाहिले, की ज्यांच्यात डाव्या-उजव्याची वाटणी स्पष्ट असते, ते शत्रू समोर असतानाही भक्ष्य अधिक चपळाईने टिपतात. एक बाजू पोटाकडे पाहते, दुसरी जिवाकडे. (‘उजवा मेंदू जागवून’ मुलांना हुशार करू म्हणणाऱ्या वर्गांचा या शास्त्राशी काही संबंध नाही. तो खर्च वाचवावा.)

घरी रुग्ण असेल तर कोणत्या बाजूला इजा झाली, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. वाचा गेलेल्या माणसाशी ओरडून बोलू नका. तो बहिरा नसतो. छोटी वाक्ये बोला, खुणा करा, उत्तराची वाट पाहा. आणि ज्याला डावीकडचे भान नाही, त्याच्या डाव्या हाताला बसून बोला, तिकडे पाहण्याची आठवण देत राहा. चालताना त्या बाजूच्या चौकटीचा धक्का बसू देऊ नका.

त्या दिवशी मी सुनेला एवढेच सांगितले, की अर्धे जेवण झाले की ताट फिरवा. तिने ते तिथेच फिरवले. आजींनी उरलेल्या भाकरीकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘ही आत्ता वाढलीस होय?’’